काळीचा फोटो

जळकोट, पौष

चि. भाचीस,

परवा फोनवर तू सांगितलंस की बसस्थानकामागे सापडलेलं पिल्लू नांदेडच्या खोलीवर आणलंय, छान फोटो काढून त्याला घर मिळवून देणार आहेस आणि पुढेही हेच करत राहायचं मनात आहे. कॅमेऱ्यावर तुझा हात चांगला बसलाय. पण कुत्रं पाळणं, दुसऱ्यासाठी काही दिवस सांभाळणं आणि त्याचा फोटो काढणं हे सगळं एकच काम आहे, हे तुझ्या या मावशीला फार उशिरा कळलं. तुला ते लवकर कळावं म्हणून हे पत्र.

मावशीच्या अंगणातून आजवर बरीच कुत्री चांगल्या घरी गेली. त्यांतलं एकच परत आलं, आणि ते फोटोमुळे परत आलं.

साडेतीन महिन्यांचा, भुऱ्या रंगाचा नर. एका आखाड्यावर पाय दुखावून पडलेला सापडला होता. पाय बरा झाल्यावर मावशीने त्याचा फोटो काढला तो दुपारच्या झोपेत, गोधडीत गुंडाळलेला, फक्त तोंड आणि एक कान बाहेर. फोटो इतका गोड आला की दोन दिवसांत शहरातल्या एका कुटुंबाचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, नवरा-बायको दोघंही नोकरीला, माणसं प्रेमळ. तीन आठवड्यांनी तीच माणसं गाडी करून त्याला परत घेऊन आली. बाईंचे डोळे रडून सुजले होते. दाराची फट दिसली की पिल्लू सुसाट सुटायचं, हाकेला मागे वळायचं नाही, एकदा मोटारसायकलखाली येता येता वाचलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी फोटोतलं कुत्रं मागितलं होतं.

नेमकं जे दिसायला हवं होतं, ते गोधडीखाली झाकलं गेलं होतं. लांब पाय, खोल छाती, पाठीला टेकलेलं पोट. ते पिल्लू कारवानाच्या रक्ताचं होतं. आपल्या लातूर जिल्ह्याला ही जात काही नवी नाही, चाकूर तालुक्यातलं जानवळ तर कारवानासाठीच ओळखलं जातं. कानाला आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले की त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात याच रक्ताला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ते जोपासलं. 2005 साली डाक खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर धावतं. लांबवर काही हललं की पाय आधी निघतात, हाक मागे राहते. त्याला मोकळं रान हवं, नाहीतर पक्कं कुंपण आणि दररोज दोन वेळा दमवणारी चाल. त्याच्या मागच्या बरगड्या दिसतात, त्या उपासमारीने नाहीत, ती त्याची ठेवणच आहे. ते न कळल्याने लोक त्याला दूध-भात चारून सुस्त करतात. आणि हौसेने कुणी त्याच्या तोंडात ससा धरलेला फोटो काढायला बोलावलं, तर जाऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि असा एक फोटो आणखी दहा जणांना रानात पाठवतो.

तो भुऱ्या आता एका बागायतदाराच्या आखाड्यावर आहे. दुसऱ्यांदा दिला तेव्हा फोटो साधा होता. उन्हं उतरल्यावर बांधावर आडवा उभा, शेजारी माणूस, म्हणजे उंची कळावी. असं उभं करणं मावशी माळेगावच्या यात्रेत शिकली. लोहा तालुक्यातल्या त्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-उंटांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. कॅमेरेवाले घोड्यांकडे धावतात. कुत्र्यांच्या बाजूला गर्दी कमी असते, आणि तिथे जुने मालक आपलं जनावर चारी पाय जमिनीवर नीट टेकवून, मान सरळ धरून उभं करतात. कंबर, पाय, छाती, चाल, काहीच लपवत नाहीत. पुढच्या यात्रेला तू एक दिवस फक्त त्या कडेला घालव.

पण कॅमेरा बाहेर निघण्याआधी जे करावं लागतं, त्याबद्दल जास्त लिहायचं आहे.

पहिल्याच वर्षी कुणीतरी पोत्यात घालून सहा पिल्लं दाराशी सोडली होती. पंधरा दिवस आधी त्याच कोपऱ्यात, त्याच तरटावर एक आजारी पिल्लू ठेवलेलं होतं. मावशीने जागा फिनेलने पुसली, तरट उन्हात घातलं आणि ही सहा तिथेच निजवली. पाचव्या दिवशी एकाने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची पातळ हगवण. त्या हगवणीला एक वास असतो, एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. पार्वो. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चकरा झाल्या, सलाईन झालं, रात्री जागून थेंब थेंब पाणी पाजलं. सहांतली चार गेली. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीचचं पाणी लागतं, साधारण तीस भाग पाण्यात एक भाग, आणि तरट-पोतं तर जाळूनच टाकावं लागतं. तेव्हापासून या घरात नवं पिल्लू चौदा दिवस वेगळं राहतं. त्याची ताटली वेगळी, त्याच्याकडे जायची चप्पल वेगळी, आणि त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचं. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. ही इंजेक्शनं पुरी होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत न्यायचं नाही, फोटोसाठी सुद्धा नाही.

डोळे न उघडलेलं पिल्लू हाती आलं तर एक गोष्ट नीट बघून शिकावी लागते. बायका तान्ह्या लेकराला घेतात तसं त्याला पाठीवर आडवं धरून दूध पाजतात, आणि दूध फुप्फुसात जातं. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आईच्या पोटाशी असतं तसंच राहायला हवं. गाईचं दूध बहुतेकांना सोसत नाही, पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, आणि पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हळूच पुसायचं, कारण एवढ्या लहानाला आईने चाटल्याशिवाय लघवी होत नाही. अंग गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही.

पावसाळ्यात गोचीड. आपल्याकडे आखाड्यावर सर्रास होणारी चूक म्हणजे पिकावर फवारायचं औषध पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर ओततात. गोचीड मरतात आणि तासाभरात कुत्रंही लाळ गाळत, थरथरत आडवं होतं. सोयाबीनच्या दिवसांत मावशीने हे तीनदा पाहिलं. वेळेत डॉक्टर गाठला म्हणून दोन वाचली. गोचिडीचं औषध कुत्र्याचंच हवं, वजनाप्रमाणे हवं. आपल्या डब्यातली तापाची, अंगदुखीची गोळीही त्याला कधी द्यायची नाही. पॅरासिटामॉल नि आयब्युप्रोफेननेही कुत्री दगावतात.

आता तुझ्याबद्दल. जो अनोळखी कुत्र्यांना हात लावतो त्याने रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी. एकदा मावशीच्या मनगटाला पिल्लाचा दात लागला, रक्ताचा एक ठिपका आला, आणि शेजारची आजी तिखटाचा डबा घेऊन धावली. तिखट, चुना, तेल, काही लावायचं नाही. नळाखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ बघून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही पंधरा वाटतात. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते, आणि रक्त आलेल्या जखमेत सीरमही लागू शकतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत लस लांबवायची नाही. 6 जुलै 1885 ला पाश्चरच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या पोराला रेबीजची लस टोचली गेली. इतक्या वर्षांनंतरही आपल्या खेड्यांत माणसं या रोगाने मरतात ती बहुतेक उशिरामुळेच. लक्षणं दिसू लागली की मग हातात काही उरत नाही.

तुला ज्या कुत्र्यांचे फोटो काढावेसे वाटतात, ती येतात कुठून, हेही बघ. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीला टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, पोरं, कोंबड्या चढतात, कधी एखादं कुत्रंही. बाकीची मागे राहतात. कुलूप लावलेल्या दारासमोर आठवडाभर बसून असलेली कुत्री मावशीने पाहिली आहेत. त्यांच्या मालकांना कठोर म्हणणं सोपं आहे, पण ज्याला स्वतःच्या लेकराची शाळा सोडवून जावं लागतं त्याला कोण काय सांगणार? तिथे उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी. मागे राहिलेल्या एखाद्या म्हातारीकडे दर आठवड्याला ज्वारीचं पीठ पोचवणं, म्हणजे चार भाकरी जास्त होतात, आणि मादीची नसबंदी. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट असतात आणि ती वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. मार्चला टोळी परत येते तेव्हा दारात पिल्लांचं लेंढार असतं. 2023 च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं भटकं कुत्रं मूळ जागीच सोडायचं असतं. शेजाऱ्यांना हे आधी सांगितलं तर भांडण निम्मं कमी होतं. खायला घालणंही ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या दारापासून लांब. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितलं. ज्या आईच्या लेकराला कुत्रं चावलंय तिचा राग खरा असतो, तिच्याशी वाद घालू नये, तिला दवाखान्यात सोबत करावी.

आता फोटो. काळीला तू दिवाळीत पाहिलंस. तिचा मागचा डावा पाय अपघातानंतर आखूड राहिला आहे, आणि रंग तव्याच्या बुडासारखा काळा. तिचे पहिले फोटो मावशीने रात्री फ्लॅशवर काढले. काळा गोळा आणि दोन हिरवे दिवे. दुसऱ्या दिवशी उन्हात काढले तर भिंत पांढरीफटक आणि काळी नुसती सावली. मग जवळ जाऊन चौकटभर काळीच घेतली, तर ती राखी दिसू लागली, कारण कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं आणि काळं दिसलं की तो उजेड वाढवतो. जमलं ते असं: सकाळी आठच्या सुमारास ओसरीच्या उंबऱ्यात, सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. उजेड एक घर कमी केला, नेम डोळ्यावर धरला. तेव्हा तिच्या डोळ्यांत अंगणाचा चौकोन उमटला आणि तोंडाजवळचे पिकलेले केस एकेक दिसले.

आणि मावशी जमिनीवर पालथी पडली होती. उभ्याने काढलेल्या फोटोत प्रत्येक कुत्रं भीक मागताना दिसतं. एलियट अर्विट नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने जन्मभर कुत्र्यांचे फोटो काढले. न्यूयॉर्कमधल्या 1974 च्या एका फोटोत त्याने कॅमेरा जवळजवळ रस्त्यावर ठेवला. टोपी घातलेलं चिमुकलं कुत्रं, शेजारी बाईचे बूट, आणि त्यांच्या बाजूला आणखी दोन उंच पाय, जे नीट पाहिल्यावर कळतं की एका थोराड कुत्र्याचे आहेत. त्याची ती उंची घ्यावी. तो कुत्र्यांनी उडी मारावी म्हणून त्यांच्यावर भुंकायचा, ते मात्र रस्त्यावरून नुकत्याच उचललेल्या जनावराशी करू नये. कान मागे चिकटलेले, ओठ सारखे चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एवढं दिसलं की कॅमेरा खाली ठेवायचा. ते भ्यालेलं असतं, आणि तसल्या फोटोला लोक गरीब चेहरा म्हणून भुलतात.

काळीच्या फोटोत आखूड पाय मुद्दाम दिसू दिला. चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडला, त्यात ती लंगडते. खाली लिहिलं की ती मांजरांच्या मागे लागते, फटाक्यांना घाबरते, लहान मुलांजवळ शांत असते, वय चारच्या आसपास. आठ महिने एकही फोन आला नाही. तुझी आई म्हणाली, पाय झाकला असतास तर कधीच गेली असती. गेलीही असती, आणि भुऱ्यासारखी परतही आली असती. गेल्या पंधरवड्यात अहमदपूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न पायाचाच होता. घराला पायऱ्या दोनच आहेत, तेवढ्या तिला जमतील का, म्हणाले. मग दोनदा येऊन तासभर बसून गेले. दुसऱ्या वेळी काळी त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपली.

ते येत्या रविवारी तिला न्यायला येणार आहेत. मावशीने तिची लसीची वही, जंताच्या औषधाची तारीख आणि तिची जुनी चादर एका पिशवीत भरून ठेवली आहे. चादर धुतलेली नाही, नव्या घरात तिला ओळखीचा वास लागेल म्हणून. तू शनिवारी मुक्कामाला ये आणि कॅमेरा आण, निघतानाचा फोटो तू काढ. पिल्लू मात्र मैत्रिणीकडे ठेवून ये. त्याचं दुसरं इंजेक्शन व्हायचंय, आणि इथे कालच नवी तीन आली आहेत. आल्यावर चपला फाटकाबाहेरच काढ.

तुझी मावशी