गोळ्या त्याच, मग फी कशाची?

‘डॉक्टर, गोळ्या त्याच, डोस तोच. मग पुन्हा फी कशाची?’ पेणमध्ये हा प्रश्न आषाढापासून जरा जास्तच कानावर येतो. गणपतीच्या कारखान्यांत रात्र-रात्र रंगकाम चालतं, तपासायला यायला सवड कुणाला? पोराच्या हाती जुनी चिठ्ठी पाठवायची आणि ‘रिपीट लिहून द्या’ म्हणायचं. रोह्यात धाटाव एमआयडीसीतली मंडळी शिफ्टचं कारण सांगतात.

माझं मत विचाराल तर तपासून लिहिलेल्या चिठ्ठीची फी द्यावी, नुसत्या सहीशिक्क्याची देऊ नये. गोळी तीच असली तरी शरीर तेच राहत नाही. टेल्मिसार्टन घेणाऱ्याचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम अधूनमधून पाहावं लागतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. कामाच्या घाईत जेवण टळलं की ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर धाडकन खाली येते, आणि हे आधी कळतं ते समोर बसून दोन प्रश्न विचारल्यावरच.

तब्येत स्थिर असेल तर मात्र दर महिन्याला खेटे घालायची गरज नाही. ‘शेड्यूल एच’मधलं औषध एका चिठ्ठीवर एकदाच देता येतं; पण किती वेळा, किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरांनी लिहिलं असेल तर तितक्या वेळा मिळतं. तेव्हा उठण्यापूर्वी सांगा, ‘तीन महिने, दर महिन्याला, असा शेरा टाका.’ ओळखीचा मेडिकलवाला शेऱ्याविनाही देतो, मला ठाऊक आहे. त्याच ओळखीवर झोपेच्या गोळ्याही मिळतात, म्हणून ती ओळख मला आवडत नाही.

फोनवर चालू औषध पुढे लिहून देता येतं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांनुसार त्याची फीही घेता येते, पण पावती द्यायला हवी. अल्प्राझोलामसारखी गोळी मात्र फोनवर लिहिता येत नाही.

आता विम्याचे कागद. क्लेम फॉर्मचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, ‘ब’ रुग्णालयानं. तुमच्या केस पेपरची नक्कल मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजे, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. झेरॉक्सचे पैसे द्यायला हरकत नाही. फी आणि इतर आकार फलकावर लावावेत, हेही त्याच नियमांत. म्हणून कुणी ‘फाईल चार्ज’ मागितला तर शांतपणे विचारा, फलकावर आहे का, पावती मिळेल का? पुष्कळदा आकडा तिथेच विरघळतो. मे २०२४ पासून तर क्लेमसाठीचे कागद विमा कंपनीनं किंवा टीपीएनं थेट रुग्णालयाकडून घ्यायचे आहेत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार कॅशलेस असतात, कागदांसाठी हात पुढे येत असेल तर आधी आरोग्यमित्राला गाठा. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तरी अजून लोक तिच्याबद्दल दबकत विचारतात. राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरचेही पैसे नाहीत.

एक विनंती मात्र मी कितीही फी दिलीत तरी मानत नाही. ‘डायबेटिस आठ वर्षांचा आहे, पण फॉर्मवर यंदाचाच लिहा.’ जुने रिपोर्ट निघाले की क्लेम तर जातोच, आणि खोट्या दाखल्याबद्दल माझी नोंदणीही धोक्यात येते. शिवाय २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल, तर आजार सांगितला नव्हता एवढ्यावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. तेव्हा फॉर्म आणण्याआधी पॉलिसीची तारीख बघून या.