नितळ, निर्वेध, निःसंदिग्ध
एका इंग्रजी विशेषणाचा मराठी परिवार

आषाढ-श्रावणात त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवरून उतरणारे ओहोळ तांबूस आणि गढूळ असतात. पाऊस ओसरला की तेच पाणी निवळू लागते. आश्विनात डोहाचा तळ दिसतो, पाणी नितळ होते. ढग हटून आकाश निरभ्र होते, ऊन लख्ख पडते आणि कोजागरीला टिपूर चांदणे पसरते. मराठी माणसाने येथे पाण्यासाठी, आकाशासाठी, उन्हासाठी आणि चांदण्यासाठी निरनिराळे शब्द योजले आहेत. इंग्रजीत मात्र या बहुतेक ठिकाणी ‘क्लिअर’ हे एकच विशेषण चालते.

हा शब्द आता कचेरीत, शाळेत आणि ग्रामपंचायतीतही रुळला आहे. ‘रस्ता क्लिअर आहे’, ‘जमिनीचे टायटल क्लिअर आहे’, ‘मुद्दा क्लिअर झाला’, अशी वाक्ये पदोपदी ऐकू येतात. बोलताना त्यावाचून अडत नाही. परंतु नोटीस, ठराव किंवा दाखला लिहावयाचा झाल्यास नेमका कोणता मराठी शब्द वापरावा, हा प्रश्न उभा राहतो.

कशापासून मोकळे?

या प्रश्नाची एक साधी किल्ली आहे. ‘क्लिअर’ या शब्दाच्या बहुतेक अर्थांच्या मुळाशी मोकळे असण्याची कल्पना आहे. वस्तू कशापासून मोकळी आहे, हे विचारले की मराठी शब्द आपोआप सापडतो. गाळापासून मोकळे ते नितळ. ढगांपासून मोकळे ते निरभ्र. अडथळ्यापासून मुक्त असा रस्ता मोकळा. संशयापासून मुक्त असा आदेश निःसंदिग्ध. क्लिष्टतेपासून मुक्त अशी भाषा सुबोध. डागापासून मुक्त असे चारित्र्य निष्कलंक. खर्च वजा जाता उरतो तो नफा निव्वळ. नकार कोणतीही पळवाट न ठेवता दिला, तर तो साफ नकार होय.

‘स्पष्ट’ हा शब्द यांपैकी अनेक ठिकाणी चालतो, म्हणून तोच सर्वत्र वापरण्याचा मोह होतो. तथापि ‘स्पष्ट’ आणि ‘सुबोध’ यांत भेद आहे. एखादे परिपत्रक कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे स्पष्ट असूनही ज्याच्यासाठी ते काढले त्याला कळत नाही. ते स्पष्ट असते, सुबोध नसते. ‘उघड’ या शब्दाची छटा तर आणखी वेगळी आहे. जे सांगावे लागत नाही ते उघड. जे नीट सांगितले जाते ते स्पष्ट.

कागदोपत्री व्यवहार

जमिनीच्या व्यवहारात ‘क्लिअर टायटल’ला खरेदीखतातील रूढ शब्द ‘निर्वेध’ हा आहे. सात-बारा उताऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा असेल, तर मालकाचे नाव कितीही ठळक असले तरी मालकी निर्वेध ठरत नाही. येथे ‘स्पष्ट मालकी’ असे लिहिणाऱ्याने नावाविषयी सांगितले, बोजाविषयी काहीच सांगितले नाही.

सभेच्या नोटिशीतील ‘क्लिअर डेज’ म्हणजे ‘पूर्ण दिवस’. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही त्यातून वगळावयाचे असतात. समजा, पूर्ण तीन दिवसांची नोटीस आवश्यक आहे आणि ती सोमवारी दिली. मंगळवार, बुधवार व गुरुवार हे तीन दिवस गेल्यावर सभा शुक्रवारी किंवा त्यानंतर घेता येईल. येथे ‘पूर्ण’ हा लहानसा शब्द गळला, तर सभेतील ठरावांना आव्हान मिळण्याचा संभव असतो.

नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही

शब्दाची निवड सर्वांत जपून करावयाची ती पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत. ‘नितळ’, ‘स्वच्छ’, ‘निर्मळ’ आणि ‘शुद्ध’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. नितळपणा डोळ्यांना दिसतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो. निवळीचे बी उगाळून घालण्याची पद्धतही जुनी आहे. परंतु रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फ्लोराइड व नायट्रेट पाण्यात विरघळलेले असतात. पाणी नितळ झाले म्हणजे ते यांपासून मुक्त झाले असे होत नाही.

पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानक १०५०० मध्ये (सन २०१२) गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एकक आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती ५ एककांपर्यंत चालते. जंतू आणि रसायने यांच्या मर्यादा त्याच मानकात वेगळ्या दिल्या आहेत. समजा, विहिरीच्या पाण्याच्या तपासणीत दिसण्याच्या रकान्यात ‘क्लिअर’ असा शेरा आला आणि फलकावर ‘पाणी स्वच्छ आहे’ असे लिहिले गेले. वाचणारी माउली त्याचा अर्थ ‘मुलाला पाजण्यास हरकत नाही’ असाच घेईल. म्हणून फलकावर ‘पाणी नितळ आहे, जंतुतपासणी व्हावयाची आहे, तोवर उकळून प्यावे’ असे लिहावे. तपासणीचे सर्व निष्कर्ष समाधानकारक आल्यावरच ‘पिण्यास योग्य’ हे शब्द वापरावेत.

परंपरेचा दाखला

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. भाषा संचालनालयाने परिभाषेचे कोशही सिद्ध केले. कोश पर्याय देतो. त्यांतून निवड करणे हे लिहिणाऱ्याचे काम राहते. त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांची यात्रा भरते. थोरले बंधू आणि गुरू असलेल्या निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, अशी परंपरा आहे. शके १२१२ मधील त्या ग्रंथामागे गहन विषय सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याची तळमळ होती.

ग्रामपंचायतीचा फलक हा काही ग्रंथ नव्हे. परंतु तो वाचून कोणी पाणी पिणार असते, कोणी जमीन घेणार असते, कोणी सभेला येणार असते. तो लिहिणाऱ्याने शब्द ठरविण्यापूर्वी ‘कशापासून मोकळे?’ एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला, तरी वाचणाऱ्याची फसगत टळेल.