घटक ४ : तुलनात्मक माहितीलेखन – दोन संकरित मोटारींच्या खरेदीपूर्व तुलनेचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• तुलनेचे निकष वाचकाच्या गरजेवरून ठरवता येतील.
• दोन वस्तूंचे आकडे एकाच मापदंडावर मोजलेले आहेत का, हे तपासता येईल.
• आकड्यांतील फरकाचे व्यवहारातील मोल काढता येईल.
• विशिष्ट वाचकासाठी सशर्त निष्कर्ष लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माहितीपत्रक एकाच वस्तूविषयी बोलते आणि ते बहुधा विकणाऱ्याच्या बाजूने बोलते. तुलनात्मक माहितीलेखनाचे प्रयोजन वेगळे असते. ते दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवते आणि घेणाऱ्याच्या बाजूने बोलते. वृत्तपत्रातील ग्राहक-सदर, कार्यालयातील खरेदी-टिप्पणी, सहकारी संस्थेच्या सभेपुढे ठेवायचा अहवाल, अशा अनेक ठिकाणी या लेखनाची गरज पडते.

या लेखनात लेखकावर मोठी जबाबदारी असते. घर सोडले, तर मोटार ही बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी. तुमच्या दोन पानांवर विसंबून कोणी तरी काही वर्षांची बचत खर्च करणार असते. म्हणून या घटकात आपण एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत तपासणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ उदाहरणाची निवड

तुलना सजातीय वस्तूंमध्येच होऊ शकते. बैलगाडी आणि आगगाडी यांत फरक दाखवता येतो, पण त्यातून घेणाऱ्याला निवड करता येत नाही. आपण मध्यम आकाराच्या दोन संकरित, म्हणजे हायब्रिड, सेडान मोटारी घेऊ : टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्ड. या दोन्ही मोटारी अमेरिकेत अनेक वर्षे एकमेकींच्या स्पर्धक आहेत. भारतात कॅमरी मिळते. अकॉर्डची संकरित आवृत्ती २०१६ मध्ये भारतात आली होती, परंतु पुढे तिची विक्री थांबली. त्यामुळे ही तुलना अमेरिकेच्या बाजारपेठेतच केली पाहिजे. पुढील सर्व आकडे २०२५ च्या अमेरिकी मॉडेलचे आहेत.

संकरित मोटारीत पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशी दोन शक्तिस्थाने असतात. या दोन मोटारींची बॅटरी बाहेरून भारित करावी लागत नाही. इंजिनाच्या साहाय्याने आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवून ती भारित होते. मात्र दोघींची यंत्रणा एक नाही. कॅमरीच्या २.५ लिटर इंजिनाची आणि मोटरची शक्ती ग्रहीय दंतचक्रांच्या संचातून एकत्र येऊन चाकांकडे जाते. अकॉर्डचे २ लिटरचे इंजिन बहुतेक वेळ वीज निर्माण करते आणि चाके मोटर फिरवते. महामार्गावर एका वेगाने जाताना मात्र क्लचच्या साहाय्याने इंजिन थेट चाकांना जोडले जाते. कॅमरीची एकत्रित शक्ती २२५ अश्वशक्ती, तर अकॉर्डची २०४.

इतकी तांत्रिक माहिती सामान्य वाचकासाठी पुरेशी आहे. यंत्रणेचे वर्णन लांबले की तुलना मागे पडते आणि लेखकाचे ज्ञान तेवढे पुढे येते.

४.२.२ समान मापदंड

तुलनेचा पहिला नियम असा : दोन्ही वस्तू एकाच मापाने मोजलेल्या असाव्यात. अमेरिकेत मोटारीच्या इंधनक्षमतेचे आकडे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीपद्धतीनुसार ठरतात आणि दर गॅलनला मैल असे दिले जातात. भारतात हे प्रमाणपत्र पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’, देते. भारतातील नव्या कॅमरीचा प्रमाणित आकडा लिटरला २५.४९ किलोमीटर आहे. अमेरिकेतील कॅमरीचा सर्वांत चांगला आकडा, ५१ मैल, किलोमीटरमध्ये रूपांतरित केला तर लिटरला सुमारे २१.७ येतो. मोटार एकाच कुळातील, तरी आकडे दोन! याचा अर्थ भारतातली गाडी अधिक काटकसरी आहे असा होत नाही. चाचणीची पद्धत वेगळी, म्हणून आकडा वेगळा. दोन देशांतील आकडे एका तक्त्यात शेजारी मांडणे ही तुलनात्मक लेखनातील गंभीर चूक होय.

दुसरी दक्षता आवृत्तीची. एकाच नावाची मोटार अनेक आवृत्त्यांत मिळते. पुढील तक्ता पाहा.

तक्ता ४.१ : इंधनक्षमता (दर गॅलनला मैल, पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्त्या)

| आवृत्ती | शहर | महामार्ग | एकत्रित |
|---|---|---|---|
| कॅमरी एलई | ५३ | ५० | ५१ |
| अकॉर्ड ईएक्स-एल | ५१ | ४४ | ४८ |
| कॅमरी एक्सएलई | ४८ | ४७ | ४७ |
| अकॉर्ड टूरिंग | ४६ | ४१ | ४४ |

‘कॅमरी अधिक मायलेज देते’ हे विधान पहिल्या दोन ओळींपुरते खरे आहे. मधल्या दोन ओळींपुरते ते खोटे आहे. पहिली आणि शेवटची ओळ निवडणारा लेखक सात मैलांचा फरक दाखवेल, तर मधल्या दोन ओळी निवडणारा अकॉर्डला एका मैलाने पुढे नेईल. दोघांचेही आकडे खरे असतील, पण दोघांचीही तुलना वाचकाची दिशाभूल करील. म्हणून आवृत्तीचे नाव लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये. वाचकाला जी आवृत्ती परवडते, तिचाच आकडा त्याच्या उपयोगाचा असतो.

तुमची प्रगती तपासा – १
साधी पेट्रोल मोटार शहरापेक्षा महामार्गावर अधिक मायलेज देते. वरील तक्त्यात याच्या उलट चित्र का दिसते?

४.२.३ फरकाचे मोल

आकडे समान मापदंडावर आणले, तरी काम संपत नाही. फरक किती आहे याइतकेच त्या फरकाने काय फरक पडतो, हेही सांगावे लागते.

समजा, एक कुटुंब वर्षाला १२,००० मैल गाडी चालवते. ५१ मैलांच्या कॅमरी एलईला सुमारे २३५ गॅलन पेट्रोल लागेल. ४८ मैलांच्या अकॉर्ड ईएक्स-एलला २५० गॅलन. फरक १५ गॅलनचा. गॅलनचा दर साडेतीन डॉलर गृहीत धरला, तर वर्षाला सुमारे ५२ डॉलर वाचतात. आता असे समजा की वाचकाला हवी असलेली एक गाडी दुसरीपेक्षा १,५०० डॉलरने महाग आहे. केवळ तीन मैलांच्या फरकातून ही रक्कम वसूल व्हायला २८ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर ती गाडी कुटुंबात असण्याची शक्यता कमीच.

या उलट, त्याच कुटुंबाची जुनी गाडी गॅलनला २५ मैल देत असेल, तर ती वर्षाला ४८० गॅलन पेट्रोल घेते. दोहोंपैकी कोणतीही संकरित गाडी घेतली, तरी किमान २३० गॅलन पेट्रोल वाचते. म्हणजे मोठी बचत ‘जुनी की नवी’ या निर्णयात आहे. ‘ही की ती’ या निर्णयात ती किरकोळ आहे. हे वाक्य वाचकाला ठळकपणे सांगणे, हे या तुलनेतील सर्वांत उपयुक्त काम आहे.

येथे गणिताची एक खूण लक्षात ठेवा. २० मैलांची गाडी सोडून २३ मैलांची घेतली, तर वरील वापरात ७८ गॅलन वाचतात. ४८ वरून ५१ वर गेल्यास १५ च वाचतात. दोन्हीकडे वाढ तीन मैलांचीच आहे. मायलेजचा आकडा जसजसा वाढतो, तसतसे प्रत्येक वाढीव मैलाचे मोल घटत जाते. म्हणून केवळ मायलेज न देता ‘वर्षाला लागणारे इंधन’ हा स्तंभ तक्त्यात अवश्य द्यावा.

वापराचे स्वरूपही पाहावे लागते. शहरात कॅमरी एलई व अकॉर्ड ईएक्स-एल यांतील फरक दोन मैलांचा, तर महामार्गावर सहा मैलांचा आहे. रोज महामार्गाने कामावर जाणाऱ्यासाठी वर्षाचा फरक सुमारे ३३ गॅलनपर्यंत जातो. शहरातच फिरणाऱ्यासाठी तो ९ गॅलनपर्यंत खाली येतो. गाड्या त्याच, वाचक बदलला की उत्तर बदलले.

४.२.४ इंधनापलीकडचे निकष

इंधनातील फरक किरकोळ ठरला की इतर निकषांचे वजन वाढते. त्यांपैकी चार येथे पाहू.

(अ) मागील आसन : मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी अकॉर्डमध्ये ४०.८ इंच, तर कॅमरीमध्ये ३८ इंच जागा आहे. फरक सुमारे सात सेंटिमीटरचा. वाचायला तो क्षुल्लक वाटतो, पण गुडघेदुखी असलेल्या प्रवाशाला तो दर फेरीत जाणवतो.

(आ) डिकी : अकॉर्डची १६.७ घनफूट, कॅमरीची १५.१ घनफूट.

(इ) चारही चाकांना शक्ती : ही सोय कॅमरीत अधिक किंमत देऊन घेता येते, अकॉर्डमध्ये ती मिळत नाही. बर्फात गाडी जागेवरून हलवताना आणि चढ चढताना तिचा उपयोग होतो. ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबण्यासाठी मात्र तिचा उपयोग नसतो. तेथे हिवाळी टायरच कामाला येतात. असा मर्यादेचा उल्लेख तुलनेची विश्वासार्हता वाढवतो.

(ई) बॅटरीची हमी : टोयोटा आपल्या संकरित बॅटरीला १० वर्षे किंवा १,५०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर हमी देते. होंडाची सर्वसाधारण हमी ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांची आहे. गाडी दीर्घकाळ वापरणाऱ्याने हा निकष वर ठेवावा. चार-पाच वर्षांत बदलणाऱ्याने खाली ठेवला तरी चालेल.

याशिवाय काही गोष्टी तक्त्यात मावत नाहीत : आसनाची उंची, दारातून आत शिरण्याची सोय, रस्त्याचा आवाज. त्यांसाठी लेखकाने निर्णय न देता वाचकाला प्रत्यक्ष तपासणीचा सल्ला द्यावा; तोही नेमका असावा. ‘चालवून पाहा’ यापेक्षा ‘मागे बसणाऱ्या व्यक्तीलाच सोबत नेऊन तिला दोनदा चढ-उतार करायला सांगा’ हे वाक्य अधिक उपयोगी आहे.

४.२.५ तुलनेची भाषा आणि निष्कर्ष

तुलनेत ‘पेक्षा’, ‘तर’, ‘मात्र’, ‘त्या मानाने’, ‘या उलट’ ही योजके वाक्याचा तोल सांभाळतात. ‘अफलातून’, ‘जबरदस्त’ यांसारखी विशेषणे जाहिरातीची आहेत, ती टाळावीत. वस्तुस्थिती आणि मत यांची सरमिसळ करू नये. ‘डिकी १६.७ घनफूट आहे’ ही वस्तुस्थिती. ‘डिकी प्रशस्त आहे’ हे मत.

निष्कर्ष सशर्त असावा. नमुन्यासाठी न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करू. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि दरवर्षी काही महिने आईवडील पुण्याहून राहायला येतात. त्यांच्यासाठी निष्कर्ष असा लिहिता येईल :

‘इंधनखर्चाच्या दृष्टीने दोन्ही गाड्यांत निवड करण्याजोगा फरक नाही. घर चढावर असेल आणि बर्फात रोज बाहेर पडणे अपरिहार्य असेल, तर चारही चाकांना शक्ती देणारी कॅमरी अधिक योग्य. रस्ते वेळेवर साफ होत असतील आणि मागील आसनावर आईवडिलांचा प्रवास वारंवार होणार असेल, तर अकॉर्डची अधिक जागा निर्णायक ठरावी. दोन्ही गरजा सारख्याच असतील, तर आधी आईवडिलांना कॅमरीच्या मागील आसनावर बसवून पाहावे. त्यांना अडचण झाली नाही, तर कॅमरी घ्यावी.’

या परिच्छेदात ‘सर्वोत्तम गाडी’ असा शब्दप्रयोग नाही. तरीही वाचकाच्या हाती निर्णयाची वाट दिली आहे. निष्कर्ष सशर्त असणे म्हणजे मोघम असणे नव्हे.

तुमची प्रगती तपासा – २
वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास आहे. लिटरला १५ किलोमीटरची गाडी बदलून २० ची घेतली, तर किती इंधन वाचेल? २० ची बदलून २५ ची घेतली, तर किती?

४.३ सारांश

तुलनात्मक माहितीलेखन घेणाऱ्याच्या बाजूने केले जाते. तुलना सजातीय वस्तूंची, समान मापदंडावर आणि नेमक्या आवृत्त्यांमध्ये करावी. आकड्यांतील फरक सांगून थांबू नये. वाचकाच्या वापरात त्या फरकाचे मोल किती, हे काढून दाखवावे. मोठा दिसणारा फरक किरकोळ ठरू शकतो आणि सात सेंटिमीटरचा फरक निर्णायक ठरू शकतो. कोणता फरक कोणासाठी मोठा, हे सांगणे हेच या लेखनाचे खरे कार्य होय.

४.४ पारिभाषिक शब्द

निकष : ज्याच्या आधारे दोन वस्तू तपासायच्या ती बाब.
मापदंड : मोजण्याची ठरलेली पद्धत किंवा एकक.
सशर्त निष्कर्ष : विशिष्ट परिस्थिती गृहीत धरून काढलेला निष्कर्ष.

४.५ ‘तुमची प्रगती तपासा’ची उत्तरे

१. शहरात वारंवार ब्रेक लावावे लागतात. संकरित मोटार त्या वेळची ऊर्जा बॅटरीत साठवते, तसेच कमी वेगात इंजिन बंद ठेवून मोटरवर चालू शकते.
२. पहिल्या वेळी सुमारे १६७ लिटर, दुसऱ्या वेळी १०० लिटर.

४.६ उपक्रम

तुमच्या घरी नजीकच्या काळात घ्यावयाची एखादी वस्तू निवडा : शिलाई यंत्र, पाण्याचा पंप, दुचाकी किंवा शीतकपाट. तिच्या दोन पर्यायांची तुलना सुमारे ४०० शब्दांत लिहा. लेखनापूर्वी ती वस्तू सर्वांत जास्त वापरणाऱ्या व्यक्तीशी बोलून निकषांचा क्रम तिच्याकडूनच ठरवून घ्या.