शेकडेवारीचा धडा : लिंकमागचं कमिशन

कुणीतरी मोबाइलवर ऑनलाइन कॅसिनोची लिंक टाकतो आणि 'खेळा, जिंका' म्हणतो. त्याला यातून काय मिळतं? आठवीच्या मुलांसमोर हे गणित फळ्यावर मांडून बघा.

समजा, त्या लिंकवरून आलेल्या खेळाडूने २०,००० रुपये भरले आणि त्यातले ८,००० परत मिळाले. तोटा १२,००० रुपये. आता कमिशनचे तीन प्रकार :

१) सीपीए : नव्या खेळाडूमागे एकदाच ठरावीक रक्कम, समजा २,००० रुपये.
२) रेव्हेन्यू शेअर : खेळाडूच्या तोट्यात वाटा. २५ टक्के धरले तर ३,००० रुपये.
३) हायब्रिड : दोन्ही थोडं थोडं. १,००० रुपये अधिक १० टक्के, म्हणजे २,२०० रुपये.

मग मुलांना विचारा, तोटा ४०,००० झाला तर? सीपीएत तेच २,०००, हायब्रिडमध्ये ५,००० आणि रेव्हेन्यू शेअरमध्ये १०,००० रुपये! म्हणजे खेळणारा जितका हरेल, तितकी लिंकवाल्याची कमाई. मग तो 'आता थांब' कशाला म्हणेल?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना भारतात २०२५ च्या कायद्याने मनाई केली आहे. ते मुलांना सांगावंच. पण हे उत्तर त्यांनी स्वतः काढलं, तर जास्त लक्षात राहतं.