छुपे शस्त्र आणि परवाना

हातात उघड दिसणारी बंदूक आणि कोटाखाली दडविलेले पिस्तूल यांत अमेरिकेतील कायदा फार पूर्वीपासून भेद करीत आला आहे. आजच्या वाचकास नवल वाटेल, परंतु एकोणिसाव्या शतकात तेथे उघड शस्त्रापेक्षा लपविलेल्या शस्त्राचीच धास्ती अधिक होती. शस्त्र दडविणारा घात करण्याच्या विचारात असावा, अशी सर्वसाधारण समजूत होती.

या समजुतीतूनच केंटकी राज्याने १८१३ साली कायदा केला. खिशातील पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा काठीत दडविलेली तलवार (आपल्याकडील गुप्तीच ती) प्रवासावर असल्याखेरीज लपवून बाळगणे हा गुन्हा ठरला. अशीच गुप्ती बाळगल्याबद्दल ब्लिस नावाच्या इसमास शंभर डॉलर दंड झाला. १८२२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने मात्र तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. शस्त्र बाळगण्याच्या हक्कावरील निर्बंध, मग तो केवळ बाळगण्याच्या रीतीपुरता का असेना, घटनेशी विसंगत होय, असा त्याचा अभिप्राय पडला. यावर उपाय म्हणून १८५० च्या नव्या राज्यघटनेत छुप्या शस्त्रांस मनाई करण्याचा अधिकार विधिमंडळास स्पष्ट शब्दांत देण्यात आला. तो अधिकार आजही कायम आहे. तथापि त्याच विधिमंडळाने १९९६ मध्ये परवान्याची पद्धत सुरू केली आणि २०१९ मध्ये एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तींसाठी परवान्याची अटही काढून टाकली.

केंटकी या वाटेवर एकटे नव्हते. व्हरमाँटमध्ये तर असा परवाना कधीच नव्हता. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये आणि टेक्ससने २०२१ मध्ये ही अट सोडली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली. गुन्हेगार परवाना मागावयास जात नाही, मग प्रामाणिक नागरिकासच शुल्क व खेटे का, असा समर्थकांचा सवाल आहे. तो अगदीच पोकळ नाही. परंतु परवान्याबरोबर दुसरेही काही गेले. टेक्ससमध्ये परवान्यासाठी चार ते सहा तासांचे शिक्षण व नेमबाजीची चाचणी आवश्यक असे. परवाना नको म्हटल्यावर तीही सक्ती उरली नाही. तेथील काही पोलीस अधिकाऱ्यांनी विधेयकास विरोध केला होता.

शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरलेल्या गुन्हेगारांवरील बंदी मात्र या कायद्यांनी उठत नाही. परवानेही बंद झालेले नाहीत. बहुतेक राज्ये मागणाऱ्यास ते आजही देतात. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात मान्य होतो, हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक चमत्कारिक आहे. संघराज्याच्या कायद्यानुसार शाळेपासून हजार फुटांच्या आत सार्वजनिक रस्त्यावर भरलेली बंदूक नेणे गुन्हा आहे. त्या राज्याचा परवाना असणाऱ्यास त्यातून सूट मिळते. म्हणजे राज्याने परवान्याची अट सोडल्यावर विनापरवाना पिस्तूल खिशात घालून निघालेला मनुष्य शाळेवरून नुसता चालत गेला, तरी एका कायद्याने निर्दोष आणि दुसऱ्याने दोषी ठरू शकतो.