विचारायला लाजू नकोस

अगं, पहिल्या पोस्टिंगला रडू येतंच. जीएनएमची तीन वर्षं काढली, क्लिनिकलला सगळे वॉर्ड फिरून झाले, तरी स्वतःच्या नावाने ड्यूटी लागली की पोटात गोळा येतो. परवा फोनवर म्हणालीस, "ताई, मला काहीच येत नाही असं वाटतंय." येतं गं तुला. पण मेडिसिन वॉर्डात खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या, एकीकडे ताप मोजायचे, दुसरीकडे ॲडमिशन येऊन उभी, अशा वेळी येत असलेलंही सुचत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष बघितलास तर शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी आणि इतर ठिकाणी पाचांमागे एक. तुझ्या वाट्याला किती येतात ते तूच मोज. म्हणून "मलाच जमत नाही" हा ठपका आधी स्वतःवरून काढून टाक.

मला तुला एकच सांगायचंय. वॉर्डात गप्प बसू नकोस. नवीन मुली गप्प बसतात, कारण विचारलं तर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणतील, "एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला?" म्हणू देत. ते बोलणं दुपारच्या चहापर्यंत टिकतं. चुकीचं इंजेक्शन मात्र परत काढून घेता येत नाही.

इन्सुलिनचंच घे. आपल्याकडे साधी व्हायल असते एका मिलीत ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं आणि काही नवीन प्रकारचं इन्सुलिन असतं एका मिलीत १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. रात्री स्टॉक संपलेला, नातेवाईक बाहेरून भलतीच सिरिंज घेऊन आलेले, दिवा मिणमिणता. १०० वाल्या व्हायलमधून लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढलंस तर पेशंटच्या अंगात जातील पंचवीस युनिट. पहाटे तो घामाने भिजलेला, हाक मारली तरी ओ देत नाही, असा सापडेल. उलट झालं, ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपी, तर दहाच्या जागी चारच जातील आणि साखर का उतरत नाही म्हणून सकाळी डॉक्टर डोस वाढवून ठेवतील. म्हणून व्हायलवरचा आकडा मोठ्याने वाच, सिरिंजवरचा वाच आणि शेजारच्या सिस्टरला दाखव. तीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरसुद्धा दाखवून घेतात. केसीएलची ॲम्प्यूल हातात आली की तसंच थांबायचं. ते सरळ शिरेत कधीच जात नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाशच जातं. कुणीही घाईने सांगितलं तरी विचार, "सर, किती पातळ करून, किती वेळात?" आणि अक्षर लागत नसेल तर अंदाजाने वाचू नकोस. ज्यांनी लिहिलंय त्यांना फोन लाव. झोपमोड झाली तर होऊ दे.

तोंडी ऑर्डरचंही तसंच. फोनवर डॉक्टर बोलतील तेव्हा औषधाचं नाव, डोस, मार्ग त्यांना परत म्हणून दाखव, वेळ घालून केसपेपरवर लिही आणि राउंडला आले की पहिल्यांदा त्यांची सही घे. "नंतर घेऊ" म्हटलेली सही राहूनच जाते. दिलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद त्याच वेळी कर, ड्यूटी संपताना आठवून नको. उद्या काही विपरीत घडलं आणि चौकशी लागली तर तुझ्या बाजूने बोलायला तेवढाच कागद असतो.

आता ओव्हरचं सांगते, कारण तिथे मुली सगळ्यात जास्त फसतात. टेबलाशी उभं राहून "बेड सात स्टेबल, बेड आठ स्टेबल" अशी ओव्हर घेऊच नकोस. देणारीला घरी जायची घाई असते, तिचंही बरोबर आहे, बस चुकते. तरी दोघींनी मिळून खाटेखाटेवर जायचं. चादर बाजूला करायची. इंट्राकॅथच्या जागी हात सुजलाय का, लाल झालाय का, बोट लावून बघायचं. सलाईनच्या बाटलीत किती उरलंय, थेंब कसे पडताहेत ते मोजायचे. नेहमीच्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे ५०० मिलीची बाटली आठ तासांत जायची तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब. म्हाताऱ्या पेशंटची बाटली दोन तासांत संपलेली दिसली तर तिथल्या तिथे विचारायचं, कारण तू सही केलीस की पुढचा दम लागणं तुझ्या ड्यूटीत येतं. युरोबॅग बघायची. आणि पेशंटच्या तोंडाकडे नीट बघायचं. कागदावर स्टेबल असलेला माणूस तोंडावरून कधी कधी वेगळंच सांगत असतो.

मावशींशी आणि मामांशी आदराने वाग. सात नंबरच्या आजींनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही, हे मावशींना तुझ्या आणि माझ्या आधी कळतं. त्यांना विचारत जा.

नातेवाईकांचा त्रास सगळ्यांना होतो, तुलाही होणार. त्यांचा राग बहुतेक वेळा काही न कळण्यातून येतो. संध्याकाळी कामाला लागण्याआधी एक फेरी मार आणि त्यांनी विचारायच्या आत सांग, "रिपोर्ट उद्या सकाळी येईल, तोवर हे औषध चालू आहे, डॉक्टर नऊला येतील." निम्मी भांडणं तिथेच मिटतात. तरीही कुणी अंगावर आलंच तर ऐकून घेत उभी राहू नकोस. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी कायदा आहे. त्यात नर्सच काय, नर्सिंगच्या विद्यार्थिनीसुद्धा येतात. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सिक्युरिटीला बोलव, मेट्रनला कळव, लेखी तक्रार दे. "जाऊ दे, पेशंटचे नातेवाईक आहेत" असं कुणी समजावलं तरी दे.

नाइटला रक्तपेढीत किंवा स्टोअरला एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी बरोबर घे. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नसेल तर लेखी माग, मिळेपर्यंत मागत राहा. अरुणा शानबाग आपल्यासारखीच नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये ड्यूटी संपवून ती कपडे बदलायला गेली आणि तिथेच तिच्यावर हल्ला झाला. मी तिचं नाव तुला भीती घालायला घेत नाही. त्यानंतर १८ मे २०१५ ला ती गेली तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षं, केईएमच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली की पुढची येऊन तिचं सगळं करायची. तिच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही नमूद आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीला सुरकुती राहू न देणं, पाठ कोरडी ठेवणं हे काम किती मोठं आहे ते यावरून समजून घे. तुझ्या वॉर्डात लकव्याचा पेशंट असेल तर त्याच्या मुलाला शेजारी उभं करून कूस कशी बदलायची ते शिकव. घरी गेल्यावर ते त्यालाच करायचंय.

आणि स्वतःचं बघ. पाणी पी. लघवी तुंबवून ठेवू नकोस, आपल्यातल्या कितीजणींना त्यापायी जळजळ आणि ताप मागे लागलाय. नाइटहून आलीस की घरात आधीच सांगून ठेव, दुपारपर्यंत मला उठवायचं नाही. सासरी असलीस तरी सांग. तेही काम करून आल्यानंतरचं झोपणं आहे.

सुई टोचली तर लपवू नकोस. सुईला टोपण परत घालायचंच नाही, सरळ कटरमध्ये आणि पांढऱ्या डब्यात. तरी टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि इन्चार्ज सिस्टरांना लगेच सांगायचं. एचआयव्हीची शक्यता असेल तर गोळी दोन तासांत सुरू झालेली सगळ्यात चांगली. बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग नाही. सुरू केली की अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यायची. घाबरून दोन दिवस गप्प राहिलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांचा जीव त्या दोन दिवसांत अर्धा होतो आणि उपचाराचा वेळही जातो. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का तुझे? पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. झाले असतील तर महिना-दोन महिन्यांनी टायटर करायचा असतो, तो दहाच्या वर यायला हवा. कार्ड सापडत नसेल तर उद्या ड्यूटीवर गेल्या गेल्या इन्चार्ज सिस्टरांना विचार आणि संध्याकाळी मला फोन कर.