डोंगरातला डबा

महापे गावाच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. त्याच रांगेत गवळीदेवाचे ठिकाण आहे. पावसाळ्यात तेथे धबधबा वाहतो, झाडी दाट होते, आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागते. समजा, त्या वाटेवर एका दगडाच्या कपारीत आम्ही एक डबा ठेवला आणि तुम्हाला म्हटले, "शोधून काढा." तुम्ही विचाराल, "अहो, पण कुठे?" आम्ही सांगितले, "धबधब्याच्या अलीकडे, मोठ्या दगडापाशी." आता डोंगरात मोठे दगड काय थोडे असतात? दिवसभर हिंडलात तरी डबा सापडायचा नाही.

जागेचा आकडा सांगितला, तर मात्र सापडेल.

जागेला आकडा असतो, बरे का! खरे म्हणजे दोन आकडे असतात. पृथ्वीच्या मधोमध विषुववृत्त नावाची रेघ मानली आहे. तिच्यापासून आपण किती उत्तरेला आहोत, हे पहिला आकडा सांगतो. त्याला अक्षांश म्हणतात. इंग्लंडात ग्रीनिच नावाचे ठिकाण आहे. तिथल्या रेघेपासून आपण किती पूर्वेला आहोत, हे दुसरा आकडा सांगतो. तो रेखांश. महापे सुमारे १९.११ उत्तर आणि ७३.०२ पूर्व येथे आहे. वाचताना म्हणायचे, एकोणीस टिंब एक एक; त्र्याहत्तर टिंब शून्य दोन. टिंबापुढे दोनच घरे असली, तर एक किलोमीटरचा पट्टा कळतो. पाच घरे असली, तर मीटरभराची जागा कळते.

आकडा मात्र नीट वाचायला हवा. ७३.०२ च्या जागी कोणी ७३.२० वाचले, तर काय होईल? शून्य आणि दोन यांची नुसती अदलाबदल! पण माणूस जवळजवळ १९ किलोमीटर पूर्वेला, बदलापूरच्या बाजूला जाईल. आपण अक्षरे शिकलो, तसे आकडेही शिकलो. फोनवर ते बहुधा इंग्रजी वळणाचे असतात. तेही ओळखता आले पाहिजेत.

हा आकडा फोनला कोण सांगतो? आभाळात सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ कळवत राहतो. निदान चार उपग्रहांचे ऐकून फोन हिशेब करतो आणि आपली जागा काढतो. अमेरिकेच्या उपग्रहांची ही व्यवस्था जीपीएस म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या देशानेही २०१३ सालापासून असे उपग्रह सोडले. आपल्या व्यवस्थेचे नाव नाविक. डोंगरात रेंज नसली तरी जागेचा आकडा मिळतो. फोन लावायला मात्र रेंज लागतेच.

उद्या वाटेत कोणाचा पाय मोडला आणि तुम्ही १०८ नंबरला फोन केला, तर "आम्ही झाडाखाली आहोत" एवढ्याने भागेल काय? ठिकाणाचे नाव सांगा, आणि सोबत हे दोन आकडेही सांगा. सांगून झाल्यावर समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

आता डब्याकडे वळू. हा खेळ खरोखरच आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. जिओ म्हणजे पृथ्वी, कॅश म्हणजे दडवून ठेवलेली चीज. पैशाची कॅश ती वेगळी. पूर्वी अमेरिकेचे सरकार जीपीएसमध्ये मुद्दाम चूक ठेवी. जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे २००० च्या आरंभी सरकारने ही चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली दडवली. तिच्यात एक वही, पेन्सिल, पुस्तके, थोडे पैसे, एक बेचकी आणि शेंगांचा डबा ठेवला. मग जागेचा आकडा लोकांना कळवला. थोड्याच दिवसांत लोकांनी बादली शोधलीसुद्धा! आज जगभर असे लाखो डबे आहेत.

हे काही गुप्तधन नव्हे. गुप्तधनाच्या नावाने आपल्याकडे भोंदूंनी पुष्कळांना नाडले आहे. ह्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदाही झाला. इथे मंत्र नाही, कुदळही नाही. डबा पुरायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, असा खेळाचा नियमच आहे. ज्याची जमीन, त्याची परवानगी घ्यायची. जंगल असेल तर वनखात्याला विचारायचे. खाण्याचा पदार्थ आत ठेवायचा नाही, कारण वासाने जनावरे येतात. पहिल्या बादलीत शेंगा होत्या खऱ्या, पण आता ते चालत नाही. डब्यातली एखादी वस्तू आवडली तर घ्यावी, आणि तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी. पहारेकरी कोणी नसतो. आम्हाला ह्या खेळात हीच गोष्ट सर्वांत आवडली.

दाट झाडीत किंवा कड्याखाली फोनही थोडा चुकतो. म्हणून शेवटची दहा पावले डोळ्यांनी शोधायची असतात. कपारीत हात घालण्याआधी काठीने पाहून घ्या. विंचूकाट्याला खेळ कळत नाही.

डबा सापडला की वही उघडायची. तिच्यात आधी आलेल्यांची नावे असतात. त्याखाली आपले नाव आणि तारीख लिहायची. अंगठा चालणार नाही असे नाही, पण अंगठ्यावरून पुढच्या माणसाला काय कळणार? पेनापेक्षा पेन्सिल बरी. ओल लागली तर शाई पसरते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. मग झाकण घट्ट लावून डबा होता तिथेच ठेवायचा. आपल्याकडच्या पावसात झाकण सैल राहिले, तर एका रात्रीत वहीचा लगदा होईल.